जानेवारीतला हापूस

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या बाहेर मला हापूसचा वास आला तेव्हा जानेवारी होता. २०२४ चा जानेवारी. तापमान दोन डिग्री, अंगावर कपड्यांचे तीन थर, नाक लालभडक आणि लंडनमध्ये येऊन जेमतेम चार दिवस झालेले. अशात भर गर्दीत, सकाळी पावणेनऊला, आंबा! तोही कसा, तर पेटीतलं गवत बाजूला केल्यावर येतो तसा. मी चक्क थांबलो. (पीक अवरला लंडनच्या फुटपाथवर मध्येच थांबणं म्हणजे गणपतीच्या शनिवारी लक्ष्मी रोडवर गाडी आडवी लावणं. मागून पाठोपाठ तीन 'सॉरी' आले आणि तिन्हींचा अर्थ 'बाजूला हो की गाढवा' असा होता.) इकडेतिकडे फळवाला शोधला. फळवाला कुठला! माझ्यापुढे एक सुटाबुटातला तरुण चालला होता, त्याच्या डोक्याभोवती एक पांढराशुभ्र ढग होता, आणि हापूस त्या ढगात होता.

माझी आणि वेपची ही पहिली भेट. जाम होमसिक असलेल्या माणसाला आंब्याच्या वासाने गाठावं, याला चीटिंगच म्हणतात.

आता कबुली. मी काही सोवळा माणूस नाही. हिंजवडीत सहा वर्षं काढली, त्यातलं निदान एखादं वर्ष तरी टपरीवर गेलं असेल. दिवसाला पाच, रिलीजच्या आठवड्यात दहा. टपरीचे नियम कुणी लिहून ठेवलेले नसतात, पण सगळ्यांना पाठ असतात. ज्याचं अप्रेझल झालं त्याने चहाचे पैसे द्यायचे. माचिस मागायची, लायटर मागायचा नाही, कारण लायटर परत येत नाही. न ओढणारं कुणी नुसतं चहाला आलं असेल तर वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. मॅनेजर दिसला तर हात पाठीमागे. मॅनेजरच ओढताना दिसला तर आपण काही बघितलंच नाही! मग घरी जाताना बडीशेप, वर दोन च्युइंगम, बेसिनवर दोनदा साबण... आणि एवढं करूनही आई भाजी ढवळता ढवळता विचारणार, "काय रे, आज ऑफिसात होळी होती का?"

मुद्दा काय, तर सिगरेटला एक जागा असते. तिच्यासाठी उठावं लागतं, लिफ्टने खाली यावं लागतं, पावसात भिजावं लागतं. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर दोनशे रुपये दंड आहे. दंड भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, पण हॉटेलं आणि ऑफिसं त्या नियमाने खरोखर स्वच्छ झाली. ओढणारा बाहेर आणि बाकीचे आत, हा फंडा आता इतका क्लिअर आहे की त्यावर कुणी वादही घालत नाही.

इंग्लंडमध्ये हेच १ जुलै २००७ ला झालं. त्याआधी पब म्हणजे धुराची कोठीच असायची, असं तिथले जुने लोक सांगतात. आज लंडनमध्ये गुरुवारी संध्याकाळी (हायब्रिडच्या कृपेने आता गुरुवार हाच खरा शुक्रवार!) लेडनहॉल मार्केटला गेलात, तर पबच्या आत जितके लोक तितकेच बाहेर दगडी फरशीवर, एका हातात बिअरचा ग्लास घेऊन उभे. दुसऱ्या हातात पूर्वी सिगरेट असायची. आता निम्म्यांच्या हातात हायलाइटरसारखं काहीतरी असतं. गुलाबी, पोपटी, फिरोजी. त्या व्हिक्टोरियन छपराखाली टरबूज, पुदिना, कस्टर्ड, ब्लूबेरी असे सगळे ढग एकमेकांत मिसळतात, आणि नाकाला वाटतं की आपण चुकून एखाद्या सरबताच्या कारखान्यात शिरलो आहोत.

कायद्याचं म्हणाल तर २००७ चा तो नियम धुराचा आहे, वाफेचा नाही. म्हणजे पबात बसून वेप ओढलात तर पोलीस येणार नाही. मालकाला चालत असेल तर चालेल, नसेल तर बारवर छोटी पाटी असेल. पाटी नसेल तर? तर तुमचं तुम्ही बघा. इथेच खरी गंमत सुरू होते.

कारण काही ठिकाणी उत्तर पक्कं आहे. ट्यूबमध्ये नाही, बसमध्ये नाही, स्टेशनात नाही, आगगाडीत नाही. वेपसुद्धा नाही म्हणजे नाही! लंडनच्या ट्यूबला या बाबतीत जुनी जखम आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनला आग लागली, ३१ माणसं गेली. लाकडी एस्कलेटरखाली पडलेली एक पेटती काडी, एवढंच कारण असावं असं चौकशीत निघालं. स्टेशनात स्मारकाची पाटी आहे. रोज तिच्यासमोरून हजारो लोक जातात, त्यातल्या निम्म्यांच्या खिशात वेप असतो आणि रस्त्यावर पाय ठेवेपर्यंत बहुतेक जण तो खिशातच ठेवतात. बाहेर पडल्याक्षणी मात्र असा काही सामूहिक ढग उठतो की ज्याचं नाव ते!

मला वेपवर आणलं ते पाकिटाच्या किमतीने. वीस सिगरेटींना पंधरा पौंडांच्या वर. म्हणजे दीड हजार रुपयांहून जास्त! मनातल्या मनात रुपयात हिशेब करायचा नाही, असं ऑनसाइटला आलेला प्रत्येक जण ठरवतो आणि प्रत्येक जण करतो. त्यापुढे पाच-सहा पौंडांत मिळणारा डिस्पोजेबल वेप म्हणजे सेलच. शिवाय टीममधला एक इंग्लिश सहकारी याच वाटेने सिगरेटीतून सुटलेला. त्याने मला सगळं पटवून दिलं. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं होतं की वेपिंग सिगरेटपेक्षा अंदाजे ९५ टक्के कमी घातक आहे. (हा आकडा कसा काढला यावर तिथल्या डॉक्टरांत भांडणं झाली, हे त्याने सांगितलं नाही, मीही शोधलं नाही.) एप्रिल २०२३ मध्ये सरकारने दहा लाख लोकांना सिगरेट सोडण्यासाठी वेपचं स्टार्टर किट द्यायची योजना जाहीर केली. सरकारच वाटतंय म्हटल्यावर आपण कोण नाही म्हणणारे?

आणि आपल्याकडे? आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. एकाच वस्तूला एका देशात दवाखान्यात जागा, दुसऱ्यात थेट कोर्टात! गंमत म्हणजे सिगरेट दोन्हीकडे दुकानात मिळते.

या यंत्राची गोष्टही अशीच दुतोंडी. धूर नसलेल्या सिगरेटचं पेटंट एका अमेरिकन माणसाने १९६३ मध्येच मागितलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. आजचा वेप घडवला तो २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी फार्मासिस्टने. तो स्वतः सिगरेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. म्हणजे सुरुवात सिगरेट सुटावी म्हणून. अकरा वर्षांत ऑक्सफर्डवाल्यांनी 'वेप'ला २०१४ चा वर्षाचा शब्द ठरवलं. पुढे त्याला टरबुजाची चव कुणी आणि कुणासाठी लावली, हे मात्र कुणी अभिमानाने सांगताना दिसत नाही.

पहिले काही आठवडे मी फुल्ल टू खूश होतो. ऑफिसच्या मागे काचेचा एक आडोसा आहे, तिथे ओढणारे उभे राहतात. आमच्या टपरीची गोरी बहीण म्हणा ना. चहा नाही एवढंच. तिथे एक गोष्ट लगेच लक्षात आली. सिगरेटवाले पावसात घोळका करून उभे असायचे, गप्पा मारायचे, एकमेकांची काडी हाताच्या ओंजळीत धरायचे. वेपवाले एकेकटे. दोन झुरके, एक नजर मोबाइलवर, चालले. काडी मागायची नाही, राख झाडायची नाही, मग बोलणार कशावरून? शिवाय सिगरेट सोडायला निघालेल्याला सिगरेटवाल्यांतच उभं करणं हे दारू सोडणाऱ्याला बारमध्ये बसवण्यासारखंच. तिथल्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये ऑफिसांना सांगितलंही होतं की शक्यतो या दोघांना एकाच जागी ढकलू नका. सल्ला ठीक, पण ऑफिसात जागा एकच होती. आणि मला ती जागा नकोशी व्हायला लागली, कारण मला तिची गरजच उरली नव्हती.

लंडनचा शिष्टाचार मी हळूहळू शिकलो. बसस्टॉपवर रांगेत आहात? चार पावलं बाजूला जा. कुणाच्या गाडीत, कुणाच्या घरात? विचारा. विचारायचं, "डू यू माइंड?" आणि इंग्लिश माणूस म्हणणार, "नो, नो, नॉट ॲट ऑल." हे वाक्य नीट ऐकायला शिकावं लागतं. पहिला 'नो' पटकन आला तर खरंच चालतं. दुसऱ्या 'नो'नंतर अर्धा सेकंद गेला आणि त्याने खिडकीची काच दोन बोटं खाली केली, तर त्याला अजिबात चालत नाही आणि तो हे मरेपर्यंत तुम्हाला सांगणार नाही. पुण्यात हा घोळ नाही. पुण्यात विचारायच्या आधीच उत्तर येतं, "ओ, तिकडं जाऊन ओढा की जरा!" मला वाटतं, लंडनला हवेपेक्षा जास्त नुकसान या संकोचाने होत असेल. साउथ बँकेवर नदीकाठच्या बाकांवर मी किती तरी वेळा बघितलंय. एक जण ढग सोडतो, शेजारची बाई काही बोलत नाही, फक्त स्कार्फ नाकापर्यंत ओढते आणि नदीकडे बघत बसते. ढग सोडणाऱ्याला वाटतं, कुणाचीच हरकत नाही.

तो ढग सोडणारा बऱ्याचदा मीच होतो.

मग मी एक ट्रिक शिकलो. झुरका घ्यायचा, श्वास दाबून धरायचा, आकडे मोजायचे. सात-आठपर्यंत मोजलं की बाहेर काहीच येत नाही. वाफ नाही, पुरावा नाही. हुडीच्या बाहीत तो हायलाइटर मावतो. मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ओढला. टॉयलेटमध्ये ओढला. नाइट बसच्या वरच्या मजल्यावर, मागच्या सीटवर, पाटीखाली बसून ओढला. अंथरुणात उशाशी ठेवला, रात्री जाग आली की एक. सिगरेट संपते हो, हा तिचा एक मोठा गुण आहे. थोटूक उरतं, मोजता येतं, पाकीट रिकामं झालेलं दिसतं. हा संपतच नाही. सहाशे झुरक्यांचा म्हणून विकला जाणारा, दोन मिलिलिटर रस आणि त्यात मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम निकोटिन (याहून जास्त तिथल्या कायद्याला मंजूर नाही), असा एक वेप सुरुवातीला मला आठवडाभर पुरायचा. मार्चमध्ये तीन दिवस पुरेना. आणि मी सगळ्यांना सांगत होतो, "सोडली ना सिगरेट!"

हॅरोला आमच्या कंपनीतला एक सीनियर राहतो. ऑफिसात त्याला नावाने हाक मारतो, घरी तो दादा आणि त्याची बायको वहिनी. लंडनला उतरल्यापासून या घराने मला जवळजवळ दत्तकच घेतलं होतं. मेट्रोपॉलिटन लाइनने दर रविवारी जायचं, जेवायचं, सोफ्यावर आडवं होऊन मॅच बघायची, निघताना डबा घ्यायचा. त्यांची मुलगी मनू, वय वर्षं सहा. तिचं मराठी इंग्लिशच्या चालीवर चालतं आणि मला ते फार गोड वाटतं.

२४ मार्चचा रविवार. होळी. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या, घरभर वेलचीचा वास. मी जॅकेट पॅसेजमधल्या खुंटीला लावलं आणि पानावर बसलो. मनू दोनदा येऊन गेली.

"काका, तुझ्या जॅकेटला मँगोचा स्मेल येतो."

"येतो का?" मी म्हटलं आणि हसलो. बस, एवढंच. उठून खिसा तपासावा हे डोक्यातच आलं नाही. तिसरी पोळी पानात पडत होती ना!

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा खोकत होती. डोळ्यांत पाणी, हातात माझा पिवळा वेप. त्याला बटण नसतं. तोंडाला लावून ओढलं की झालं, टोकाला निळा दिवा लागतो. तो दिवा तेव्हाही लुकलुकत होता. "यात मँगो नाहीये," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

पुढची पंधरा मिनिटं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. वहिनींनी तिला उचलून बेसिनपाशी नेलं, चुळा भरायला लावल्या. दादाने १११ ला फोन लावला. पलीकडून प्रश्न येत होते आणि दादा ते माझ्याकडे बघून मोठ्याने परत विचारत होता. किती मिलिग्रॅम? किती झुरके घेतले असतील? रस गिळला का? त्यात आणखी काय असतं? मला पहिल्याचं उत्तर माहीत होतं, बाकीच्यांचं नव्हतं. रोज शंभरदा तोंडात घालत असलेल्या वस्तूत काय असतं, ते मी वेष्टनावर वाचून दाखवत होतो! लक्ष ठेवा, उलटी किंवा गुंगी वाटली तर लगेच पुन्हा फोन करा, असं त्यांनी सांगितलं. काही झालं नाही. तासाभराने मनूने स्वतःहून पोळी मागितली, तीही तूप जास्त घालून. पण त्या तासात मी पॅसेजमध्ये खुंटीखाली बसून होतो.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू आलास ना जानेवारीत, तेव्हा सिगरेट ओढतोस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वास येतो रे. तू मागच्या बागेत जायचास, मी दार ओढून घ्यायचे. बोलले का काही कधी? पण हे मला कळलंच नाही. इथे बसून पण ओढायचास? आमच्या सोफ्यावर?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हॅरो ते किंग्ज क्रॉस, अर्धा-पाऊण तासाचा प्रवास. डब्यात समोर एक शाळकरी पोरगा बसला होता, पंधरा-सोळाचा असेल, ब्लेझर, टाय. त्याने बाही तोंडाशी नेली, गाल आत गेले आणि मग तो शांतपणे डोळे मिटून आकडे मोजायला लागला. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून अठराच्या आतल्यांना वेप विकता येत नाही. रविवारी संध्याकाळी ब्लेझर घालून हा कुठून आला होता कोण जाणे. मला तो सातपर्यंत मोजेल का आठपर्यंत, एवढंच दिसत होतं.

त्यानंतर मी एकदम साधुसंत झालो असं समजू नका. मी तेव्हा वेप सोडला नाही. सोडणं इतकं सोपं असतं तर टपऱ्या ओस पडल्या असत्या. पण त्याला पुन्हा एक जागा दिली. उठायचं, बाहेर जायचं, एकटं असलं तरी आडोशाला जाऊन उभं राहायचं. आठपर्यंत मोजणं बंद. वाफ दिसू दे, लोकांना कळू दे. घरात नाही, दुसऱ्याच्या घरात तर नाहीच. आणि चव बदलली. तंबाखूच्या चवीचाही वेप मिळतो, तो इतका बेचव असतो की कुणाचं पोर त्याच्या वासाने खुंटीपाशी येणार नाही. टीममधल्या त्या सहकाऱ्याने मला येड्यात काढलं. म्हणाला, "शेजारच्याला वाफेने काही होत नाही, सिगरेटच्या धुराशी तुलनाच नाही." सिगरेटच्या धुराइतकं वाईट ते नाही, हे खरं असेल. पण ती 'नुसती पाण्याची वाफ' आहे हे जे आपण सगळे बिनधास्त ठोकून देतो ना, ते साफ खोटं. त्यात पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची रसायनं. दम्याचा माणूस शेजारी बसला असेल तर त्याने ते का घ्यावं? आणि दमा नसला तरी का घ्यावं, हा प्रश्न मला कुणी जानेवारीत विचारला असता तर मी त्याला डाउनमार्केट म्हटलं असतं.

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गेलात तर भिंतींच्या कडेला पानाच्या लाल पिचकाऱ्या दिसतात, अगदी घरच्यासारख्या. त्या बघून ऑफिसातले गोरे नाक मुरडतात आणि आपल्याला लाज वाटते. मला आता असं वाटतं की पानवाल्याने निदान आपली सही तरी मागे ठेवली आहे.

मेमध्ये वहिनींचा मेसेज आला. "रविवारी ये. आमरस आहे. खिसे रिकामे करून ये." दोन महिन्यांनी ती मेट्रोपॉलिटन लाइन पकडली. ईलिंग रोडवरूनच आणलेली पेटी होती, रत्नागिरीची. पुठ्ठ्यावर तसं लिहिलं होतं म्हणून रत्नागिरीची म्हणायची. मनूने दार उघडलं, आधी माझं जॅकेट हुंगलं, अगदी कस्टम ऑफिसरसारखं, आणि मग आत सोडलं.

२०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीनुसार ब्रिटनमध्ये आठवड्याला जवळपास पन्नास लाख डिस्पोजेबल वेप फेकले जात होते. ते दिसायचेही. गटाराच्या जाळीत, ट्यूबच्या तोंडाशी, पार्कातल्या गवतात चिरडलेले रंगीत तुकडे. प्रत्येकात लिथियमची धडधाकट बॅटरी! कचऱ्याच्या गाड्यांना त्यामुळे आगी लागायच्या. शेवटी १ जून २०२५ पासून ब्रिटनभर त्यांच्या विक्रीवर बंदी आली. कचरा हे एक कारण होतं, शाळेतली पोरं हे दुसरं. मला वाटलं, चला, रंग जाणार. कसले जाताहेत! दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात तेच पोपटी, तेच गुलाबी, तोच आंबा. फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि आतली कुपी बदलता येणारी. किंमतही जवळपास तीच. लोक तोही संपला की फेकून देतात. कायदा पाळला गेला, बॅटरी पुन्हा गटारात.

माझं प्रोजेक्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलं. परतीचं तिकीट हातात आल्यावर पहिल्यांदा मी आपला २०१९ चा कायदा नीट वाचला. आयात केलात तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खिशात एकच घेऊन जाणारा 'आयातदार' ठरतो का, यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये वकिली मतांचा पाऊस पडला, त्यात एकही वकील नव्हता. विमानात तो चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, बॅटरी असते, जवळच ठेवावा लागतो. म्हणजे मुंबईला उतरताना तो माझ्या खिशातच असणार आणि समोर खऱ्याखुऱ्या कस्टमचा माणूस. मनूपेक्षा कडक.

वेप विकणाऱ्या दुकानांना जुने वेप परत घ्यावे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने खालून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. आत जेमतेम सात-आठ वेप पडलेले. पन्नास लाखांतले सात-आठ! मी माझा टाकला. "नवा कुठला देऊ?" त्याने सवयीने विचारलं.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. जेट लॅग आणि निकोटिन हे कॉम्बिनेशन शत्रूलाही मिळू नये. आईला वाटलं, पोराला लंडनचं पाणी बाधलं. मी तिच्यावर दोनदा खेकसलो आणि एकदा, रात्री साडेअकराला, खाली जाऊन टपरी बंद आहे हे बघून परत आलो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगरेट विकायला बंदी आहे म्हणे. आमच्या टपरीवाल्यापर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

हिंजवडीत आता ऑफिसची बिल्डिंग नवी आहे, लिफ्ट चकाचक. डिसेंबरातली सकाळ. आम्ही पाच जण आत, सगळे मोबाइलमध्ये, दरवाजा बंद झाला आणि मला आंब्याचा वास आला.

आधी वाटलं, भास. मग दीर्घ श्वास घेतला. पेटीतलं गवत, पिकलेली साल, आणि मागे तो गोडसर, प्लॅस्टिकसारखा शेवट. मी ओळखणार नाही तर कोण? कोपऱ्यात एक पोरगा उभा होता, नवीन जॉइन झालेला असावा, गळ्यात कोरं आयडी कार्ड. हुडीची बाही बोटांपर्यंत ओढलेली. नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले. आमच्याबरोबर एचआरमधल्या एक मॅडम होत्या, आठव्या महिन्यातल्या. त्या म्हणाल्या, "अय्या, आंबा कुणी आणलाय? या दिवसांत?"

कुणीच बोललं नाही. पोराचा चेहरा लाल व्हायला लागला. मी त्याच्याकडे वळलो.

"सोड श्वास," मी म्हटलं. "पुढच्या मजल्यावर उतरू आपण दोघं."